नानांच्या राणीचा अंगरखा

थांबा, तोंडाला रंग लावायच्या आधी हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर आज मला भाषणं आठवायची नाहीत!

आमच्या मांडवीतले नाना बटण दिसलं की चिडतात. स्वतःच्या सदऱ्यालासुद्धा नाड्या! घरी बसून पेशवाईतले कपडे शिवतात, तेही हाताने. मशीन नाही, टेप नाही. का म्हणून विचारलं की, "त्या काळी होतं का?" माप घेतात सुतळीने, गाठी मारून.

आमच्या नाटक मंडळींचे सगळे पोशाख त्यांचेच. आणि राणी मी. मुंबईच्या बोलपटात म्हणे बायका कामं करतात. इथे बाई रंगमंचावर आली तर गाव डोक्यावर घेतील. म्हणून मिशी काढून मी. तिसऱ्या अंकात राणी अंगरखा घालून लढाईला निघते.

तर सरदारांचे अंगरखे झक्क बसतात, शिपायांचे बसतात, माझाच बसत नाही. दर वर्षी! बाह्या कोपरापर्यंत. बंद बांधले की श्वास कोंडतो. गेल्या वर्षी "कापून काढा!" म्हटलं नि काखेत टर्रकन् फाटला. शत्रूसुद्धा हसला हो.

"नाना, जरा सैल शिवा की."

"राणी होती ती रे शिंच्या, गलबतावरचा तांडेल नव्हे!"

पण माप तर माझंच घेतात, डोळ्यांदेखत! मग ते जातं कुठे? यंदा आमचे चिटणीस आप्पा त्यांच्या ओटीवर येऊन बोलले, "नाना, या खेपेला नाही बसला, तर पुढच्या सालापासून पोशाख कोल्हापुराहून भाड्याने." नाना सुई ओवत राहिले. आत काकूंची भांडी तेवढी वाजायची थांबली.

काकू म्हणजे नानांची बायको. माझ्या खांद्याला लागतात. बोलणं एवढंच, "चहा ठेवू?"

आज दुपारी अंगरखा आणायला गेलो, जरा लवकरच. दार लोटलेलं. आतून माझं भाषण! तिसऱ्या अंकातलं! आणि असं, की त्यात एवढं काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. फटीतून बघतो तर काकू. अंगात अंगरखा, कमरेला शेला, हातात उलथनं. अंगरखा असा बसलेला की बघत राहावं. "माझ्यामागे कोण येतं?" म्हणाल्या, आणि थांबल्या. समोर पाटावर नाना, एकटेच. टाळी बाहेर ऐकू जाईल म्हणून तळहातावर दोन बोटं वाजवत.

मी मागच्या मागे पायरी उतरलो नि मोठ्याने खोकलो.

मग नाना अंगरखा घेऊन ओटीवर आले. कात्रीने कुशीची शिवण उसवली, तर आत भरपूर कापड दुमडून ठेवलेलं. बाह्यांतही. माझं माप!

"दर वर्षी उसवायला घेतो," म्हणाले, "हात धजत नाही."

आज उसवत होते. भराभर.

"नाना, काकू..."

"चहा ठेवत्येय ती." मग वर न बघता, "'कोण येतं' नंतर जरा थांब. घाई करतोस."

आत्ता घालून बघितला. छान बसलाय. तरी माझा वाटत नाही. पडद्याच्या फटीतून बघतोय, बायकांच्या बाजूला काकू येऊन बसल्यात. ओठ आत्तापासूनच हलतायत. मी थांबेन हो तिथे, पण त्यांच्यासारखं कसं थांबायचं? तुमचं झालंय का कधी असं?