विषय : फोन कानात बोलत नसल्याबाबत

भुजंगराव परभणीहून नवा स्मार्टफोन घेऊन पोखर्णीला आले, तेव्हा पार्वतीबाईंनी त्यांना घरात घेतलं, पण फोनला उंबऱ्यावरच थांबवलं. "थांबा, नवी वस्तू हाय," म्हणत त्या देवघरातून करंडा घेऊन आल्या. या घरात कुकर, शिलाई मशीन, इतकंच काय, पाण्याची मोटरसुद्धा हळदीकुंकू लागल्याशिवाय कामाला लागलेली नव्हती. पार्वतीबाईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि आधी हळद, मग कुंकू फोनच्या कपाळावर, म्हणजे वरच्या कडेला अगदी मधोमध, चांगलं दाबून टेकवलं. वर दोन अक्षता लावल्या. मगच फोन आत आला. भुजंगरावांनी थोड्या वेळानं तो उपरण्यानं पुसून घेतला.

फोनवर चाळीस टक्के सूट होती. ही बातमी भुजंगरावांनी एसटीत शेजारच्या माणसाला, फाट्यावर चहावाल्याला आणि घरी आल्यावर बायकोला दोनदा सांगितली होती. एरवी ते असं काही कुणाला सांगणारे नव्हेत. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि पत्र ज्याच्या नावाचं त्यानंच फोडायचं, हा त्यांचा धर्म होता. फोनलाही तोच नियम. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या राजेश्रीचा, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा फोन आला की ते फोन कानाला घट्ट लावून अंगणाच्या टोकाला, कडुलिंबाखाली जायचे. वीस मिनिटं हां, हूं चालायचं. मग आत येऊन ते पार्वतीबाईंना अहवाल द्यायचे, "बरी हाय. जेवली. तिकडं थंडी हाय म्हणती."

वीस मिनिटांची लेक अशी तीन वाक्यांत घरात यायची. पार्वतीबाई मान हलवायच्या. कधी त्यांच्या हातात फोन दिलाच, तर "हां, बरं बरं, सगळं हाय घरी, ठेव आता," एवढं बोलून परत करायच्या.

"तुला लेकीशी बोलूच वाटत न्हाई बग," भुजंगराव म्हणायचे. त्यावर पार्वतीबाई भाकरी थापायला आत जायच्या. हल्ली हाक मारली तरी तिसऱ्या हाकेला ओ देते, हीसुद्धा त्यांची बायकोबद्दलची जुनी तक्रार होती.

नव्या फोनवर पहिला फोन आला तो पार्वतीबाईंच्या धाकट्या भावाचा, परमेश्वरचा. भुजंगरावांनी ऐटीत फोन कानाला लावला. कानात काहीच नाही. "हॅलो, हॅलो," ते ओरडले. कडुलिंबाखाली जाऊन ओरडले, गच्चीवर जाऊन ओरडले. शेवटी दाजींना काही झालं की काय म्हणून परमेश्वर गंगाखेडहून निघायच्या बेतात होता, तेव्हा शेजारच्या सरजाबाईंच्या फोनवरून त्याला थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी भुजंगराव परभणीला, त्याच दुकानात. दुकानदार योगीराजनं फोन हातात घेऊन एक बटण दाबलं. "काका, हितं दाबायचं. बगा, कसं खणखणीत यायलंय."

"हे तर सगळ्या दुकानाला ऐकू यायलंय. कानात काहून येत न्हाई?"

"कानात कशाला पायजे, काका? बाहेर येतंय ना? आन सूटवाला माल बदलून मिळत न्हाई."

भुजंगराव हुज्जत घालणारे नव्हते. ते घरी आले आणि फुलस्केप कागद काढला. 'विषय : फोन कानात बोलत नसल्याबाबत. संदर्भ : आपल्या दुकानाची खरेदी पावती. महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की...' अर्जाच्या दोन प्रती काढून ते पुन्हा परभणीला गेले, एक योगीराजला दिली आणि दुसरीवर पोच मागितली. सही चालणार नव्हती, शिक्का हवा होता. योगीराजकडे एकच शिक्का होता, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' तोच त्यानं मारून दिला.

अशा रीतीनं भुजंगरावांच्या घरात सगळे फोन मोठ्यानं बोलू लागले.

परमेश्वरचाच पुन्हा फोन आला. "दाजी, तुमी म्हणत होतात ते खरं हाय. सरजाबाईच्या पापडात नुसता खारच हाय बगा. जीभ सोलून निघाली."

आवाज बंद करायला बटण कुठं दाबायचं हे भुजंगरावांना आठवेपर्यंत भिंतीपलीकडून आवाज आला, "मग दोन वर्सं मागून मागून काहून खाल्ले, भाऊ?"

पाच दिवस भिंतीपलीकडून ना पापड आला ना शब्द. भुजंगराव अंगणात जायचे तेही खाली मान घालून.

रविवारी राजेश्रीचा फोन आला. "बाबा, कसे हाईत?" हा प्रश्न साऱ्या घरात घुमला आणि स्वयंपाकघरातून पार्वतीबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या. त्या भुजंगरावांच्या शेजारी येऊन बसल्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. एवढ्या जवळ त्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या.

"राजू, काय झालंय गं? आवाज कसा बारीक येतोय?"

"अगं, तव्याचा चटका बसला. तुला कसं कळलं?"

"आवाजावरून कळतंय मला. कोरफड लाव. आन जावईबापू काय करायलेत? चहा तरी करून देतेत का?"

"देतेत की. साखर घालायची विसरतेत."

पार्वतीबाई खळखळून हसल्या. त्या दिवशी मायलेकी चाळीस मिनिटं बोलल्या आणि भुजंगराव फोन तळहातावर धरून बसून राहिले. लेकीच्या घरी कढीपत्त्याची कुंडी आहे, सासूबाई हिला 'राजा' म्हणतात, माहेरची आठवण आली की ही धपाटे करते आणि ते दर वेळी तुटतात, यातलं काहीएक त्यांच्या अहवालात कधी आलं नव्हतं.

"तुटणारच," भिंतीपलीकडून सरजाबाईंचा पाच दिवसांनी पहिला शब्द आला. "राजू, पीठ गरम पाण्यात मळ गं!"

"हो काकू!" नाशिकहून उत्तर आलं.

भुजंगरावांना घाम फुटला. खासगी टपाल भर चौकात फोडून वाचावं, तसं हे चाललं होतं. पण पुढच्या रविवारी पार्वतीबाईंनी स्वयंपाक आधीच उरकून ठेवला, केस विंचरले आणि फोनसमोर येऊन बसल्या. भिंतीपलीकडे सरजाबाईंनी निवडायचे तांदूळ घेऊन तिथंच बैठक मारली.

आणि तिसऱ्या रविवारी ते झालं.

"बाबा, एक सांगायचं होतं. तुमी आजोबा व्हायलात."

भुजंगरावांनी 'काय?' म्हणायला तोंड उघडलं, तोवर पार्वतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि भुजंगरावांचं तोंड मिटायच्या आत सरजाबाई साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सात बाया येऊन गेल्या. देवळाकडून येताना किशनराव गुरुजींनी भर रस्त्यात भुजंगरावांचं अभिनंदन केलं.

"तीन महिने पुरे होईस्तोवर बाहेर सांगत नसतेत!" रात्री जेवताना भुजंगरावांचा आवाज चढला. "एवढी नाजूक बातमी, आन गावात दवंडी! उद्याच्या उद्या फोन दुरुस्त करून आणतो."

"राहू द्या की वो. चांगला चाललाय."

"चांगला? लाउडस्पीकर हाय तो."

सकाळी ते निघाले तेव्हा पार्वतीबाई दारापर्यंत आल्या. "दुरुस्त झालाच पायजे का?" त्यांनी हळूच विचारलं. भुजंगरावांना एसटी गाठायची होती.

या वेळी ते योगीराजकडे गेले नाहीत. परभणीच्या बसस्टँडजवळ एका जिन्याखाली मुंजाजी नावाचा दुरुस्तीवाला बसायचा. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, फोनच्या वरच्या बारीक फटीत सुई घातली, आणि पांढऱ्या कागदावर लालपिवळी भुकटी पडली. मागून तांदळाची एक कणी आली.

मुंजाजीनं भिंग काढून त्यांच्याकडं पाहिलं. "काका, फोनची पूजा केली होती का?"

भुजंगराव कागदावरच्या कणीकडं बघू लागले.

"आवाज ह्या फटीतून कानात येतो. कुंकू ओलं लावलं, ते आत जाऊन वाळलं, फट बंद. फोन एकदम चांगला हाय बगा." त्यानं बारीक ब्रश मारून फोन परत दिला. "कुंकू बी चांगलं हाय तुमच्या घरचं. लय चिवट हाय."

भुजंगरावांना योगीराजच्या दुकानात पडलेला आपला अर्ज आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दुकानासमोरून न जाता ते मागच्या गल्लीनं बसस्टँडवर आले. पण एसटीत बसल्यावर बरं वाटलं. टपाल पुन्हा बंद लिफाफ्यातून येणार होतं.

संध्याकाळीच राजेश्रीचा फोन आला. पार्वतीबाई लगबगीनं येऊन बसल्या. भिंतीपलीकडे पाट सरकल्याचा आवाज झाला. भुजंगरावांनी फोन कानाला लावला आणि उठून कडुलिंबाखाली गेले. लेकीचा आवाज थेट त्यांच्या एकट्याच्या कानात येत होता, अगदी स्वच्छ. दहा मिनिटांनी ते परत आले. पार्वतीबाई तशाच बसून होत्या, हात मांडीवर ठेवून.

"बरी हाय. डॉक्टरीणबाई चांगली हाय म्हणती. घे, तुला काही विचारायचंय म्हणती." त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

पार्वतीबाईंनी तो कानाला लावला. थोडा वेळ समोरच्या भिंतीकडं पाहिलं. मग नेहमीसारखं म्हणाल्या, "न्हाई न्हाई, कशाला. सगळं हाय घरी. ठेव आता." आणि फोन परत केला.

भुजंगरावांनी फोन कानाला लावला तर पलीकडे लेक रडत होती. "बाबा, मी आईला विचारलं, बाळंतपणाला सातव्या महिन्यात तुझ्याकडं येऊ का. आई न्हाई म्हणाली. कशाला, म्हणाली."

भुजंगरावांनी फोन कानापासून काढून बायकोकडं पाहिलं. पार्वतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तुला ऐकू आलं न्हाई?"

त्यांना हळू आवाजातलं हेही ऐकू गेलं नाही. भुजंगरावांनी पुन्हा मोठ्यानं विचारलं, तेव्हा त्या खालच्या मानेनं म्हणाल्या, "फोन कानाला लावला की मला काहीच ऐकू येत न्हाई. तीन वर्सं झाले. काही पाठवू का, असंच ती विचारत असंल. म्हणून मी न्हाई म्हणत असते. तुमाला सांगितलं तर तुमी कानाला मशीन लाव म्हणचाल. म्हणून बोलले न्हाई."

तीन वर्षं. तिसऱ्या हाकेला ओ देते म्हणून किती वेळा आपण चिडलो, लेकीशी बोलूच वाटत नाही असं किती वेळा म्हणालो, ते सगळं भुजंगरावांना एकदम आठवलं आणि फार लाज वाटली. आवक-जावकला एकतीस वर्षं काढली आणि घरातल्या माणसाला टपालच पोचत नाही, हे त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी बटण दाबलं. "राजू, आईला परत विचार. मोठ्यानं विचार."

"आई, मी बाळंतपणाला तुझ्याकडं येऊ का?"

"अगं वेडे, हे काय इचारायचं असतंय?" पार्वतीबाईंचा आवाज फाटला. "सातव्यात कशाला, आताच ये! मी काय तुला न्हाई म्हणीन का गं?"

भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "ये गं राजू. पापड मी करते. खार कमी घालीन!"

मायलेकींचं बोलणं तासभर चाललं. ते संपल्यावर भुजंगरावांनी फोन समोर ठेवला. उद्या फोन वाजला की आपला हात सवयीनं तो कानालाच नेणार आणि पाय कडुलिंबाकडं वळणार, याची त्यांना खात्री होती. ते उठले, देवघरात गेले आणि करंडा आणि पाण्याची वाटी घेऊन आले.

"अहो, हे काय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मुंजाजीनं साफ केलाय. म्हणजे नव्यासारखाच झाला की." ते मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलले. "नव्या वस्तूला लावावं लागतंय."

पार्वतीबाईंनी बोट ओलं केलं आणि फोनवर टेकवायला गेल्या.

"जरा वर," भुजंगराव म्हणाले. "त्या फटीवर. आन दाबून लाव."