गुलाबी भूछत्रं

तिसऱ्या रविवारीही बागेमागच्या झाडीत एकही भूछत्र दिसलं नाही, तेव्हा धाकट्यानं पाचोळ्यातच बसकण मारली.

"बाबा, मशरूम फक्त पुस्तकातच असतात का?"

"इथं असतात म्हणजे असतातच!" बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी दाखवतो."

बाबांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि बाबा त्यावरून अख्खी बत्तिशी उभी करायचे. मुलांना टीव्हीसमोरून उठवायचं, भूछत्रं हात न लावता बघायची, घरी येऊन ती चिकणमातीची करायची, हा बेत त्यांनी घरात एवढ्या तोऱ्यात जाहीर केला होता की आता माघार म्हणजे नाचक्कीच.

शनिवारी त्यांनी कामाच्या टेबलावर प्लास्टरचे दांडे ओतले. हिरड्यांसाठीच्या गुलाबी मसाल्याच्या टोप्या केल्या, वर पांढरे ठिपके दिले आणि सगळा ऐवज झाडीत नेऊन रोवला.

"सापडले!" रविवारी थोरली एवढ्यांदा ओरडली की बागेचा रखवालदार काठी घेऊन धावत आला. गुलाबी टोप्या बघून त्याचे डोळे विस्फारले.

"आयुष्य गेलं या बागेत, पण असलं काही पाहिलं नाही. मागे व्हा सगळे!"

त्यानं तिथल्या तिथं झाडांना दोरी बांधली. दुसऱ्या दिवसापासून तो त्या जागेला सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागला. लोक फोटो काढायला येऊ लागले. प्रकरण हाताबाहेर जातंय हे बघून बाबा एका सकाळी भूछत्रं उपटून आणायला गेले. त्यांचा एक पाय दोरीच्या आत पडला आणि मागून रखवालदारानं कॉलर धरली.

"चांगल्या घरचे दिसता, आणि चोऱ्या करता?"

"अहो, मी फक्त बघत होतो!"

"बघायला डोळे लागतात, पिशवी लागत नाही."

बाबा हात हलवत घरी आले. आई एवढंच म्हणाली, "अजून बनव."

शेवटी रखवालदारानं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मॅडमना बोलावलं. बाबा मुलांसह हजर होते. पळून जाणं त्यांना पटेना. मॅडम भिंग घेऊन चक्क जमिनीवर पालथ्या पडल्या. खूप वेळ बघितलं, मग एका टोपीवर नखानं टिचकी मारली. टक्क!

मॅडम कपडे झटकत उठल्या. गर्दीत फक्त बाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं.

"तुमची कामगिरी?"

"कशावरून म्हणता?" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"हा गुलाबी रंग मी रोज सकाळी ग्लासात बघते," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझी कवळीही तुमच्याकडचीच. खालची टोचते."

"उद्याच घासून देतो. पण मुलांसमोर..."

मॅडम गर्दीकडे वळल्या. "फारच विलक्षण आहे. पाणी चालू ठेवा."

रखवालदाराची छाती फुगली. त्यानं पाणी दुप्पट केलं. दोरीच्या आत कुणाचा पाय पडेना, पाचोळा कायम ओला राहू लागला आणि थोड्याच दिवसांत गुलाबी टोप्यांच्या मधून बारकी, मातकट, वाकडीतिकडी भूछत्रं वर आली. खरीखुरी! बाबांना ती आधी दिसली. त्यांनी घरी धावत जाऊन मुलांना जेवणावरून उठवलं, दोरीपाशी उभं केलं आणि घसा खाकरला. आता खोटं बोलायची गरजच उरली नव्हती.

"ती गुलाबी आहेत ना... ती मी केलीत."

"माहितीये," थोरली म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. एकाच्या बुडाला दात चिकटलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात!"

धाकटा मात्र उकिडवा बसून त्या मातकट भूछत्रांकडे बारकाईनं बघत होता. जरा वेळानं त्यानं बाबांच्या पाठीवर समजूतदारपणे हात ठेवला.

"ही पण छान केलीत, बाबा. फक्त रंग द्यायचा राहिलाय."