घरची अफू

लिफ्ट अडकली की कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमधली माणसं घाबरतात. देवस्थळीसर खूश होतात.

एकदा सर, मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनी असे अडकलेलो. वहिनी रडायलाच लागल्या.

"वहिनी, तुमच्या मेंदूत आत्ता कोलेसिस्टोकायनिन सुटलंय!" सर उजळून म्हणाले. "पोटात हे पेप्टाइड पचनाला मदत करतं, मेंदूत मात्र घाबरवतं. उतारा आतच असतो. मेंदू स्वतःची अफू बनवतो, घरची! पण हे पेप्टाइड तिला कामच करू देत नाही. रस्सीखेच नुसती!"

"अहो सर, आधी ती बेल दाबा!" वहिनी ओरडल्या.

सर औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निकाल असो, सोनोग्राफी असो नाहीतर स्वयंपाकघरातली पाल, घाबरलेल्या माणसाचं निदान एकच: "रस्सीखेच चाललीय."

माझ्या बायकोची बायोप्सी झाली तेव्हा मी जिन्यात बसलेलो. सर शेजारी टेकले, खांद्यावर हात ठेवला. "स्पर्शानं घरची अफू सुटते म्हणतात. सुटतेय का?" मला त्याही अवस्थेत हसू फुटलं. "बघ, सुटली!"

सरांची बायको गेलेली. मुलगा निनाद घरून काम करतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तो कधी दिसायचा नाही.

परवा दुपारी पुरणपोळ्या द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून सर फरशीवर बसलेले. हळू आवाजात सांगत होते, "स्टेशनबाहेर अळू चांगलं आलंय रे. उद्या फदफदं करू?"



मला बघून ते दचकले नाहीत. "आई गेल्यापासून बाहेर येत नाही. काम वगैरे काही नाही. माणूस दिसला की छातीत धडधडतं त्याच्या. मी दिसलो तरी."

"औषधं?"

"सगळी झाली. मीच शिकवलेली पोरं आज डॉक्टरांना औषधं समजावतात. आणि मी इथे भाज्यांची नावं सांगत बसतो."

मी पुरणपोळ्यांचा डबा फरशीवर ठेवला.

"बोलत नाही तो," सर म्हणाले. "पण कधीकधी आतून तोही दाराला टेकून बसतो. पाठीला कळतं."

"आज?"

सरांनी डोळे मिटले. पाठ दाराला आणखी घट्ट लावली.

"आज नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे मान वळवून सांगू लागले, "शेजारचे काका आलेत रे. पुरणपोळ्या आणल्यात. गरम आहेत अजून."