राजाच्या नावानं पळणारा साळिंदर

एका जंगलात, पोरांनो, भुजंगराव नावाचा वाघ राज्य करत हुता. खायाला बख्खळ, बसायला गार गुहा, पाय चेपायला दोन माकडं. आन् त्वांड बघाल तर कायम एरंडेल प्याल्यागत.

मोर नाचला की ह्यो खेकसायचा, "कुनाची वरात हाय रं?" पोपट रामराम म्हणला की गुरगुरायचा, "कशाचा रामराम?" झोप लागंना, मन लागंना. उगंच रडू यायचं. वाघ रडतोय म्हणल्यावर हसायचं कुनी? सगळं जंगल हसू दाबून दाबून बेजार.

म्हातारा वानर वैद्य हुता. त्यानं नाडी धरली. "महाराज, आजार अंगात न्हाई, बसून ऱ्हाण्यात हाय. रोज सकाळी टेकडीला पळत फेरा मारा. मन हलकं हुईल, झोप लागंल, राग उतरंल."

"मी पळू? राजा असून? लोक म्हणतील, ह्याच्या मागं कोन लागलंय!"

कोल्हा कारभारी लगीच पुढं झाला. "महाराज, तुमचा शनवारचा उपास हरीण धरतं. तुमच्या नवसाचं लोटांगण कासव घालतं. मग पळायलाच तुमी कशाला पायजे?"

वाघाला पटलं. मोठ्या घरात असंच असतंय, पोरांनो. करायचं दुसऱ्यानं, पुण्य घ्यायचं आपण.

त्याच दिवशी दरबारात झिपरू साळिंदराला धरून आणलं हुतं. लई तापट गडी. अंगावरचं काटं कायम उभं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना टोचून टोचून चाळण केलेली. त्याची बायको सायजाबाई लांबनंच भाकर सरकवायची.

"ह्याला तुमच्या वाटचं पळायची शिक्षा," कोल्हा म्हणला. वाघानं पंजावर पाणी घेऊन सोडलं. "पळंल झिपरू, फळ माझं!"

झाला झिपरू सुरू. पयल्यांदा वाघाला, कोल्ह्याला, टेकडीला, सगळ्यांना शिव्या घालत पळायचा. मग शिव्या घालायला दम पुरंना. मग शिव्या आठवंनात. मग एक दिवस गडी चक्क शीळ घालत घरी आला.

सायजाबाई घाबरली. "अवं, आज कुनाशी भांडला न्हाई? ताप हाय का?"

तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. काटं सगळं खाली बसल्यालं! लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच ती नवऱ्याला टेकून बसली. झिपरू लाजला. साळिंदर लाजल्यालं कुनी बघितलंय का? मग हसता कशाला? ऐका.

तिकडं वाघ आणखीच सुकला. "कारभारी, माझं पळणं चाललंय न्हवं?"

"जोरात चाललंय, महाराज."

"मग मला बरं का वाटंना?"

कोल्हा जाऊन बघून आला आन् बोंबलला, "महाराज, चोरी! तुमचं सुख त्यो झिपऱ्या मधल्यामधी खातोय! घरात खिदळतोय!"

वाघ पेटला. थेट झिपरूच्या बिळावर. "माझं सुख काढ भायेर!"

"कुठनं काढू, महाराज?"

"न्हाई निघत? मग पोट फाडून घेतो!"

सायजाबाई किंचाळली, "अवं बघताय काय, पळा! रोज पळताय तसं पळा!"

झिपरू सुटला. वाघ मागं. टेकडीला फेरा, आणखी फेरा. झिपरूचं पाय तयार झाल्यालं, वाघाचं प्वाट लोंबल्यालं. दगडं उडाली, ससं उडालं, कोल्हा चिखलात उडाला. वाघाची जीभ भायेर आली, कानात वारं शिरलं, आन् पळता पळता त्याला हसूच फुटलं! हसत हसत गडी जांभळीखाली आडवा झाला. मोराला म्हणला, "नाच की लेका!" आन् घोरायलाच लागला.

उठला तर मन कसं लख्ख. "घेतलं! माझं सुख मी परत घेतलं!"

झिपरूनं आपलं अंग चाचपलं. "अगं, माझं तर हाय की हितंच!"

"गप बसा," सायजाबाई म्हणली. "आयकंल त्यो."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाला पुन्हा आंबट वाटाय लागलं. आला बिळावर. "पुन्हा चोरलंस!" पुन्हा टेकडी, पुन्हा जांभळीखाली घोरणं. मग रोजच. दोघं असं खुशीत की वाघ चोराला हाक मारायचा, "झिपरूदादा, चला, उशीर हुतोय!"

कोल्ह्याला चोर शोधल्याचं बक्षीस मिळालं. वानराला खोटारडा म्हणून दरबारातनं हाकललं. वाघानं दवंडीच पिटली, "महाराज जल्मात एक दिवस व्यायामाला गेलं न्हाईत, तरी बघा मन किती प्रसन्न!"

तात्पर्य: मन उदास झालं तर व्यायाम करू नका, पोरांनो, ती हलक्या लोकांची कामं. एखादा चोर ठरवा आन् रोज सकाळी त्याच्यामागं लागा. फकस्त चोर दमदार बघा. सापडला तर पळणं थांबलं, मेलात.