खिडकीजवळची पिवळी बाई

माझा हात सर्जनचा आहे, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. नोकरी विम्याच्या कचेरीत असली म्हणून काय झालं? त्यामुळे खेळण्यातल्या रेल्वेचा प्रवासी डबा सुट्या भागांतून जोडायचा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! खोक्यावर छापलं होतं, ‘अनुभवी व्यक्तींसाठी’. मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आणखी कसला अनुभव हवा?

पण हा डबा गंमत म्हणून नव्हता बरं का. सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे राहायला आले होते, आणि आल्यापासून तीनच शब्दांवर त्यांचा कारभार चालला होता : हं, बरं आणि नको. जेवलात का? हं. फिरायला येता? नको. बायको स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप डोळे पुसायची. एकदा तिनं मला त्यांचा जुना फोटो दाखवला. नवं लग्न झालेलं जोडपं, मागे निळा रेल्वेचा डबा, सासूबाईंच्या अंगात पिवळे कपडे. झालं! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वाढदिवसाला हाच डबा, हीच खिडकी आणि खिडकीत ही दोघं!

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कारखाना थाटला. बाजूच्या भिंती उभ्या राहिल्या, चाकं फिरायला लागली, पायऱ्यांना तारेचे दांडेसुद्धा लागले. बायकोचा भुवयांचा चिमटा मी न विचारता घेतला होता. त्या चिमट्यात धरून तांदळाच्या दाण्याएवढ्या बाईला मी पिवळी रंगवली आणि वाळत ठेवली. बाबा समोरच चहा घेत बसले होते. त्यांना वाटत होतं, मी घड्याळ दुरुस्त करतोय. विचारलं असतं तर सांगितलं असतं!

मग छताला झटपट चिकटणारा गोंद लावला, दोन्ही तळव्यांत छत दाबून धरलं, आणि गोंदानं आपलं काम चोख केलं. छत डब्याला चिकटलं नाही, मला चिकटलं! दोन्ही बाजूंनी! नमस्कार करायला जावं तर मध्ये रेल्वे!

तेवढ्यात पॉलिशपेपरची भुकटी नाकात गेली. हात अडकलेले, नाक मोकळं. अशी शिंक आली, अशी शिंक आली, की टेबलावरचे प्रवासी फलाटावर गाडी आल्यासारखे चौफेर पांगले. पिवळी बाई तर दिसेचना! आणि टेबलाशेजारची खिडकी सताड उघडी.

“गेली! बाई खिडकीतून गेली!” मी बोंब मारली.

आता योगायोग बघा. शेजारच्या काकू सकाळपासून स्टुलावर चढून आपल्या खिडकीची काच पुसत होत्या. बायकोनं ते पाहिलं होतं. ती आतूनच किंचाळली, “पडली? अरे देवा! कशी आहे?”

“डोकं शाबूत असलं म्हणजे मिळवली!” मी ओरडलो. “तुटलं असेल तर चिकटवता येईल!”

बायको फोन घेऊन जिन्यावरून पळाली. मी मनात म्हटलं, काय गुणाची बायको! एका बाहुलीसाठी केवढी धावते!

थोड्याच वेळात खाली अग्निशमन दलाची गाडी ठणाणा करत आली. ‘बाई पडली’ असा गलका ऐकून काकू स्वतःच हातातलं फडकं घेऊन खाली गेल्या.

“काय गं, कोण पडलं?”

“तुम्ही!” बायको म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

मग सगळी वरात आमच्या घरात. पुढे शिरस्त्राण घातलेले एक दांडगे जवान, मागे काकू, त्यांच्यामागे बायको. तिचा चेहरा मी पाहिला आणि खिडकीतून आपणच जावं असं वाटलं.

“पडलेली बाई कशी दिसते?” जवानांनी विचारलं.

“पिवळे कपडे. बसलेली.”

“पडल्यावर बसली?”

“नाही हो, आधीपासूनच! तिला उभं राहताच येत नाही.”

“उंची?”

“तांदळाच्या दाण्याएवढी.”

मग मी सगळं सांगितलं. फोटो, डबा, बाबांचा वाढदिवस. बाबांच्या देखतच. लपवणार काय, दोन्ही हातांत पुरावा!

जवान झापतील म्हणून मी डोळे मिटले. उघडले, तर हा सहा फुटी माणूस शिरस्त्राण काढून टेबलाखाली रांगत होता! काकू घरी जाऊन नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन आल्या आणि माझी बोटं सोडवायला बसल्या. ज्यांना मी नुकतंच खिडकीतून खाली टाकलं होतं, त्या काकू! बायको टॉर्च धरून सोफ्याखाली शिरली.

“सापडली,” काकू एकदम म्हणाल्या. “हलू नका!”

पिवळी बाई बाबांच्या मिशीत बसली होती. अगदी ऐटीत.

बाबांनी तिला दोन बोटांत हळूच उचललं. डोळ्यांजवळ नेलं. “जन्मभर म्हणायची, ती मिशी काढा,” ते म्हणाले. “आणि आता बसायला जागा कुठली शोधली बघा!”

आणि ते हसले. खांदे गदगदेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायको त्यांच्या कुशीत शिरून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तीन शब्दांचे बाबा मग बोलतच सुटले. “जावईबापू, तुम्हाला म्हणून सांगतो. फोटो काढून घेण्याच्या नादात ती गाडी आमची चुकली. बसनं गेलो. ती मरेपर्यंत ऐकवत होती. बरं झालं, आज गाडीत बसवलंत तिला.”

माझे डोळे भरून आले. काकूंच्या त्या बाटलीचा वास फार उग्र होता हो!

तेव्हापासून आमच्या टेबलावर पूर्ण गाडी तयार होतेय. दर रविवारी बाबा डबे जोडतात, काकू पडदे रंगवतात, सुट्टी असेल तेव्हा ते जवान येऊन चाकं बसवतात. घरभर बडबड असते. देवानं, बायकोनं आणि त्या गोंदानं माझ्यावर केवढे उपकार केलेत, हे मी रोज म्हणतो.

म्हणतो म्हणजे, दारातून म्हणतो. टेबलापाशी मला कुणी येऊ देत नाही.