परबकाकांची बिनसाखरेची कुल्फी

परबकाका कुत्र्यांसाठी कुल्फी करतात आणि आधी स्वतः खातात. नुसती चाखत नाहीत. खुर्चीत बसून, डोळे मिटून अख्खी संपवतात. मग डोळे उघडून म्हणतात, "पास." किंवा, बहुतेक वेळा, "नापास."

हे मला कळलं तोपर्यंत उशीर झाला होता. दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी समोरच्या घराची बेल वाजवली. सत्तरीचे, शिडशिडीत, पांढऱ्या हाफ शर्टाच्या खिशात पेनाशेजारी थर्मामीटर अडकवलेले एक गृहस्थ बाहेर आले. पाण्याचं काही न सांगता त्यांनी मला बसवलं आणि बशीत एक केशरी, गारेगार मोदक आणून ठेवला.

मे महिना होता. मी तो दोन मिनिटांत संपवला.

"कसो वाटलो?"

"झकास हो काका! गाजर आहे ना? काकूंनी केलाय?"

"काकू नाय. मी लग्नच नाय केलंय." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "गाजर, लाल भोपळो आणि घरचा दही. आता खाली टायगर आणि चेरीक देतंय. त्यांचा मत वेगळा असू शकता."

टायगर आणि चेरी ही कुणाची तरी गोड मुलं असतील असं समजून मी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. पार्किंगमध्ये दोन कुत्रे शेपट्या हलवत उभे होते. मी जो खाल्ला, त्याचेच भाऊबंद त्यांच्या पुढ्यात ठेवले जात होते.

परबकाकांनी पस्तीस वर्षं एका डेअरीत दूध तपासलं. गवळ्यांचे कॅन यायचे, काका नमुना काढायचे आणि पाणी आहे की नाही ते सांगायचे. नोकरी सुटली, पण तपासणी सुटली नाही. त्यांच्या फ्रीजरमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: बॅच कुठली, केली कधी, कुणासाठी. साचे मात्र मोदकांचे. गणपतीत त्यांच्याकडे मोदक होतात की नाही माहीत नाही, पण आमच्या आवारातले सात कुत्रे बारा महिने मोदक खातात.

माणसांना त्या फ्रीजरमध्ये प्रवेश नाही. एकदा माझा फ्रीज बंद पडला. घरात ताजी सुरमई होती. मी धावत समोर गेले.

"काका, एक दिवस ठेवा ना. फुकट जाईल हो."

"माणसाची सुरमई?"

"हो."

"मग नाय. माणसाक दुसरो फ्रीज मिळता. चेरीक कोण देतलो?"

मालवणच्या माणसाने सुरमईला दारातून परत पाठवलं ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर चघळली गेली. काहींचा तर विश्वासच बसला नाही.

त्यांचे नियम ऐकायला बसलात तर चहा थंड होतो. "मीठ नाय. साखर नाय. कांदो-लसूण नाय. द्राक्षा-मनुका म्हणजे तर विष. आणि चॉकलेट कुत्र्याक दाखवूचा पण नाय." कलिंगडाच्या बिया ते टूथपिकने एकेक करून काढतात. पीनट बटरची बरणी घेण्याआधी दुकानातच खिशातलं भिंग काढून बारीक अक्षरं वाचतात. साखरेऐवजी घातलेलं एखादं नको ते रसायन दिसलं तर दुकानदाराला व्याख्यान. आणि दूध न घालता दहीच का, असं विचारलं तर जरा ओशाळतात. "बऱ्याच कुत्र्यांक दूध पचत नाय," हे पस्तीस वर्षं दूध तपासलेल्या माणसाला सांगावं लागतं, हे काही सोपं नाही.

हे सगळं कुत्र्यांपुरतं असतं तर ठीक होतं. पण काकांना माणसांच्या खाण्यावरही निकाल द्यायची खोड. सोसायटीच्या मीटिंगमधला बटाटावडा नापास. आमचे सेक्रेटरी देवधर यांच्या मुलीच्या लग्नात बासुंदीचा पहिला घोट घेऊन काका भर पंगतीत म्हणाले, "पाणी नाय. पण कॉर्नफ्लॉवर आसा." केटरर शेजारीच उभा होता, आणि व्याही पण. तेव्हापासून काकांना लग्नाच्या पत्रिका येतात, पण आग्रह कोणी करत नाही.

माझ्या बंड्यालाही त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्याची बिस्किटं नापास केली. बंड्या म्हणजे माझ्या आईचा कुत्रा. आरेच्या रस्त्यावर कडेला पडलेलं हे पिल्लू आईने पदरात गुंडाळून घरी आणलं होतं. आई गेली आणि बंड्या माझ्याकडे राहिला. अकरा वर्षांचा म्हातारा, रंगाने भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, स्वभावाने आईसारखा. म्हणजे मी उशिरा आले की बोलायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात बंड्याचे दात किडले. डॉक्टरांनी एका बैठकीत सहा दात काढले. "मऊ आणि गार द्या," म्हणाले, "दोन दिवसांत खायला लागेल." दोन दिवस गेले, बंड्याने तोंड उघडलं नाही. पाणी तेवढं जिभेला लावायचा. डॉक्टरांनी सलाइन दिलं आणि म्हणाले की जखम चांगली आहे, आता पोटात काही जायला हवं. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी बँकेतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलता बोलता रडायला लागले. आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत. पाच मिनिटांत बेल वाजली.

"काय झाला गो?" दारात परबकाका.

मी सगळं सांगितलं. त्यांनी बंड्याकडे लांबूनच पाहिलं, डॉक्टरांचा नंबर माझ्याकडून घेतला, त्यांना पंधरा मिनिटं उलटसुलट प्रश्न विचारले आणि निघून गेले.

तासाभराने भोपळ्याची बॅच आली. बंड्याने तोंड फिरवलं. काकांनी वहीत लिहिलं, गेले, उकडलेल्या चिकनच्या पाण्याची बॅच घेऊन आले. बंड्याने एकदा हुंगलं आणि डोळे मिटले. मी म्हटलं, "राहू द्या काका." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी पाणी घातलेलं दूध पुढे केलंय.

"लहान असताना काय खायचो ह्यो? आठव."

"आई पेज द्यायची. बांगड्याच्या पाण्यातली. बिनमिठाची, बिनतिखटाची."

"मगे ता पयला सांगूक काय झाला तुका?"

दुपारी ते परत आले तेव्हा हातात वाटी होती. बांगडा उकडून, काटे काढून, दोनदा गाळून त्या पाण्यात मऊसूत पेज शिजवली होती आणि अर्धवट गोठवली होती. मी वाटी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब. सॅम्पल."

आणि माझ्यासमोर, काही संकोच न करता, त्यांनी तोंडातली कवळी काढली. ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग एक चमचा घेऊन उघड्या हिरडीवर ती गार पेज घोळवत डोळे मिटून बसले. तोंड पार आत गेलेलं, गाल खोल. मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं.

"जास्त गार आसा," ते बोबडं बोलले. "दात नसलेल्या हिरडीक किती झोंबता, ता माका ठाऊक. दहा मिनटां थांबूया."

आम्ही थांबलो. त्यांनी पुन्हा चाखलं. मग वाटी खाली ठेवायच्या ऐवजी, गुडघे कुरकुरत जमिनीवर बसले, थोडी पेज तळहातावर घेतली आणि हात बंड्याच्या नाकाखाली धरला.

बराच वेळ काहीच झालं नाही. काकांनी हात मागे घेतला नाही. मग बंड्याचं नाक हललं. एकदा. त्याने जीभ बाहेर काढली आणि काकांचा तळहात चाटला. पुन्हा चाटला. वाटी संपली तेव्हा त्याने काकांचं मनगटही पुसून काढलं.

मी स्वयंपाकघरात पळाले. काहीतरी करायला हवं म्हणून चहा टाकला आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं. बाहेरून काकांचा आवाज येत होता. कवळी परत बसवली होती बहुतेक, कारण शब्द आता स्वच्छ होते. ते बंड्याशी बोलत होते की माझ्याशी, मला कळलं नाही.

"डेअरीत मी गेटातून आत शिरलंय, की गवळी गप्प व्हायचे. हसत असले तरी गप्प. वाईट नव्हते रे. पण ह्यो माणूस नापास करूकच येता, असाच बघायचे. चहा विचारायचे, मी घ्यायचो नाय. आज चहा घेतलो तर उद्या दूध नापास कसा करतलंय? मगे विचारूचे पण बंद झाले. पस्तीस वर्षां. रिटायर झाल्यार एक दिवस गाजर देऊक खाली गेलंय. तो टायगर माका बघून धावत इलो. माका बघून! जन्मात कोण असा धावत येवक नाय."

मी दोन कप घेऊन बाहेर आले. काका जमिनीवरच होते, बंड्या त्यांच्या पायावर मान टाकून झोपलेला, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं. मी त्यांना न विचारताच कप हातात दिला आणि शेजारी बसले.

पहिला घोट घेतला तेव्हा मला समजलं. मी रडत होते त्या वेळात दूध खाली लागलं होतं. करपल्याचा वास सरळ नाकात. मी काकांकडे बघायचं टाळलं. आता निकाल येणार.

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. फुंकर घालत, घाई न करता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा कप माझ्यापुढे केला.

"आणखी आसा काय गो?"