उसनी गांडुळे

सोमवारी सकाळी नऊ वाजता मृदा आरोग्य केंद्राच्या आदर्श वाफ्यात एकही गांडूळ नव्हते. तपासणी समिती अकराला येणार होती.

निरोगी माती जिवंत असते, यावर आता दुमत उरलेले नाही. प्रश्न एवढाच, की ती तपासणीच्या वेळी जिवंत असेल का. केंद्र याबाबत गाफील नाही. आदर्श वाफा रोज झाडला जातो, पडलेले पान लगेच उचलले जाते आणि दर सोमवारी जंतुनाशक फवारले जाते. (जंतूंविषयी केंद्राला आदर आहे, पण पाहुणे येतात.) इतक्या स्वच्छतेत गांडुळे का टिकत नाहीत, यावर संशोधन चालू आहे.

म्हणून प्रथेप्रमाणे केंद्रप्रमुख आणि शिपाई बादली घेऊन कुंपणापलीकडच्या मावशींकडे गेले. मावशी तिथे भाडेपट्ट्यावर भाजी करतात. नांगर नाही, वर पालापाचोळ्याचा जाड थर, एक पीक निघायच्या आत दुसरे पेरलेले. दिसायला सगळा गबाळा कारभार. पण कुठेही मूठ घातली तरी वळवळ.

"साहेब, आज नको," मावशी म्हणाल्या. "पट्टा वाढवायचा का, ते ठरवायला दुपारी हीच समिती माझ्याकडे येतेय. माती मेलेली निघाली तर जमीन जाईल माझी."

"अकराला वापरतो, बाराला परत."

"ती काय पातेली आहेत, घासूनपुसून परत द्यायला?"

"केंद्राचं नाक कापलं जाईल हो, मावशी. शेजारधर्म म्हणून तरी!"

मावशींनी कपाळावर हात मारला. तोवर शिपायाने बादली भरलीही होती.

अकराला आदर्श वाफ्यात कुदळ पडली. वळवळ पाहून समितीच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. गुण मिळाले शंभरपैकी एकशे चार. (चार टापटिपीचे.) बाराला गांडुळे परत द्यायची होती, पण वार सोमवार असल्याने परत देण्याजोगी उरली नाहीत.

दुपारी समितीने मावशींच्या शेतात जिथे माती आधीच उकरलेली होती, तिथेच खणले. (श्रम वाचतात.) काहीही सापडले नाही.

"अहो, माझीच तर बघून आलात सकाळी!"

अध्यक्षांनी समजुतीने मान डोलावली. "बाई, शेजारी एवढं आदर्श काम चाललंय. दोन गोष्टी शिकून घ्यायच्या होत्या."

अहवालानुसार मावशींची माती मृत आहे. आदर्श वाफा बघायला येणाऱ्यांसाठी त्यांच्या शेताच्या जागी फरसबंद पार्किंग सुचवले आहे. निर्णय अजून झालेला नाही. तुम्हा नागरिकांकडून हरकती मागवल्या होत्या. आतापर्यंत एकच आली आहे: पार्किंगला सावली असेल का?